थेम्सच्या तळाशी एक टन अक्षरं

३१ ऑगस्ट १९१६. पहिलं महायुद्ध चालू आहे आणि झेपेलिनच्या धास्तीने लंडनचे रस्ते रात्री अंधारात बुडालेले असतात. हॅमरस्मिथ भागातल्या नदीकाठच्या एका घरातून पंचाहत्तर वर्षांचा एक म्हातारा बाहेर पडतो. हातात जड ओझं आहे. अर्ध्या मैलावर झुलता पूल आहे. तो पुलावर जातो, कुणी पाहत नाही ना याची खात्री करतो आणि ओझं कठड्यावरून खाली थेम्स नदीत सोडतो.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. मग पुन्हा. जानेवारी १९१७ पर्यंत त्याने अशा सुमारे १७० खेपा केल्या आणि एक टनाहून जास्त धातू नदीच्या तळाशी पोचवला. एकदा दोन पुडकी पाण्यात न पडता पुलाच्या खांबाच्या कडेवर अडकली, सगळ्यांना दिसतील अशी. त्या दिवशी त्याची चांगलीच तंतरली असणार. पण खेपा थांबल्या नाहीत.

या माणसाचं नाव थॉमस जेम्स कॉब्डन-सँडरसन. नदीत जात होते ते त्याच्या डव्ह्ज प्रेस या छापखान्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं. इंग्रजीतली काही सर्वांत देखणी पुस्तकं या खिळ्यांनी छापली होती. आणि आपल्या मृत्यूनंतर हे खिळे जुन्या भागीदाराकडे जातील, असा करार त्याने केलेला होता.

म्हणजे ज्या वस्तूवर दुसऱ्याचा लेखी हक्क होता, ती वस्तू एक सुशिक्षित, कायदा शिकलेला, समाजात मान असलेला माणूस रात्रीच्या अंधारात बुडवत होता. का? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी खिळा म्हणजे काय ते कळायला हवं.

एक अक्षर बनतं कसं

आज फॉन्ट आवडला नाही तर आपण दोन सेकंदांत बदलतो. शिशाच्या काळात एका अक्षराचा जन्म तीन टप्प्यांत होई. पहिल्यांदा पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर ते अक्षर उलटं कोरून काढायचा. हा झाला पंच. 'ओ'मधली पोकळी, 'एस'चं वळण, सगळं कानशीने आणि छिन्नीने, भिंगातून बघत. एकेका पंचाला दिवस-दिवस लागे. मग तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, म्हणजे तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. ही मातृका, इंग्रजीत मॅट्रिक्स. तिसऱ्या टप्प्यात मातृका साच्यात बसवून त्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि थंड होताना फारसा आकसत नाही. बाहेर येतो तो खिळा.

खिळे झिजले तर मातृकेतून नवे ओतता येतात. मातृका खराब झाली तर पंचावरून दुसरी करता येते. पण पंच गेले की ते अक्षर संपलं. हे लक्षात ठेवा, कारण कॉब्डन-सँडरसनला हे पक्कं ठाऊक होतं.

खिळे तयार झाले की काम जुळाऱ्याकडे. समोर लाकडी खणांची केस, डाव्या हातात कंपोझिंग स्टिक. उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, तीही आरशातल्यासारखी उलटी. शब्दांमधल्या जागेलासुद्धा शिशाचा तुकडा लागतो. तिथे काही नाही असं नसतंच. पान जुळलं की ते चौकटीत घट्ट आवळायचं, शाई लावायची, किंचित ओलसर केलेला हातकागद त्यावर ठेवायचा आणि दांडा ओढून दाब द्यायचा. ओलसर कागद मऊ पडतो, म्हणून अक्षर त्यात नुसतं छापलं न जाता थोडं रुततं. छपाई झाली की खिळे धुऊन परत आपापल्या खणात. छोट्या छापखान्यात मोठ्या ग्रंथाला पुरतील एवढे खिळे कधीच नसत. काही पानं छापायची, खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची पानं जुळवायची.

एक भाषण आणि त्याचे परिणाम

१५ नोव्हेंबर १८८८ च्या संध्याकाळी लंडनच्या न्यू गॅलरीत एमरी वॉकर नावाच्या माणसाचं छपाईवर भाषण झालं. वॉकर गाड्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली, पुढे तो छपाईचे ब्लॉक करण्याच्या धंद्यात शिरला आणि त्यात लंडनमधला जाणकार झाला. बोलायला उभं राहायचं म्हणून तो घाबरलेला होता. पण त्याने एक नवी गोष्ट केली: पंधराव्या शतकातल्या पुस्तकांमधल्या अक्षरांचे फोटो काढून ते मॅजिक लँटर्नने पडद्यावर मोठे करून दाखवले.

प्रेक्षकांत विल्यम मॉरिस बसला होता. कवी, कादंबरीकार, वॉलपेपर आणि कापडाच्या नक्षीचा जादूगार, शिवाय कट्टर समाजवादी. तोवर इंग्लंडमधली पुस्तकं कशी होती? वाफेच्या यंत्रावर झपाझप छापलेली, किडक्या अक्षरांची, करड्या शाईची, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या आणि काही वर्षांत पिवळ्या पडणाऱ्या कागदावरची. स्वस्त होती आणि लाखो लोकांपर्यंत पोचत होती, हेही खरं. पण पडद्यावर निकोलस जेन्सन या व्हेनिसच्या मुद्रकाची १४७० च्या सुमाराची अक्षरं हाताएवढी झालेली पाहिल्यावर मॉरिसला राहवेना. घरी परतताना त्याने वॉकरला सांगितलं, आपण नवा टाइप करू या.

त्यातून १८९१ मध्ये हॅमरस्मिथलाच केल्म्सकॉट प्रेस सुरू झाला. केंट परगण्यातल्या जोसेफ बॅचलरकडून हातकागद, जर्मनीहून शाई, हाताने ओढायचे अल्बियन छापयंत्र. सात वर्षांत त्रेपन्न पुस्तकं निघाली. शेवटाकडचं चॉसरच्या साहित्याचं मोठं पुस्तक १८९६ मध्ये आलं. त्यात एडवर्ड बर्न-जोन्सची ८७ चित्रं आणि पानापानाला मॉरिसच्या वेलबुट्ट्या. कागदावरच्या ४२५ प्रती, वासराच्या कातड्यावरच्या १३. कागदी प्रतीची किंमत २० पौंड, म्हणजे कुशल कामगाराचा कित्येक आठवड्यांचा पगार. पुस्तक हातात आल्यावर काही महिन्यांतच मॉरिस वारला.

इथेच या सगळ्या चळवळीच्या पायातला काटा आहे. कामगाराला आनंद मिळेल असं काम हवं, असं मॉरिस म्हणत होता. तसं काम त्याने निर्माण केलंही. पण त्या कामातून निघालेली वस्तू कामगाराला परवडत नव्हती. ती गेली श्रीमंत संग्राहकांच्या काचेच्या कपाटात. मॉरिसला हे कळत होतं आणि त्याला यावर तोडगा सापडला नाही. आजही हाताने पुस्तक करणाऱ्या कुणालाच तो सापडलेला नाही.

वकिली सोडून बाइंडिंग

कॉब्डन-सँडरसन मॉरिसचा शेजारी आणि मित्र. १८४० चा जन्म. केंब्रिजला शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. बॅरिस्टर झाला, त्यातही मन रमेना. मूळ नाव सँडरसन. १८८२ मध्ये त्याचं लग्न ॲनी कॉब्डनशी झालं. ती रिचर्ड कॉब्डन या गाजलेल्या उदारमतवादी पुढाऱ्याची मुलगी. दोघांनी आडनावं जोडून घेतली. त्या काळात नवऱ्याने बायकोचं आडनाव लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

१८८३ मध्ये मॉरिसच्या घरी जेवताना तो म्हणाला, हाताने काहीतरी करावंसं वाटतं. मॉरिसची बायको जेन सहज म्हणाली, मग बाइंडिंग का नाही शिकत? चाळिशी ओलांडलेला हा बॅरिस्टर खरोखरच एका बाइंडरकडे उमेदवारी करायला गेला आणि इंग्लंडमधल्या उत्तम बाइंडरांपैकी एक झाला. 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' हे त्या चळवळीचं नावही त्यानेच १८८७ मध्ये सुचवलेलं. १८९३ मध्ये त्याने स्वतःची बाइंडरी काढली. शेजारच्या 'द डव्ह' नावाच्या दारूच्या गुत्त्यावरून तिचं नाव पडलं डव्ह्ज बाइंडरी.

ॲनी या गोष्टीत नुसती बायको म्हणून येत नाही. घरातल्या या उद्योगांमागे पैसा तिचा होता. शिवाय ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी होती. ऑक्टोबर १९०६ मध्ये तिला अटक होऊन तुरुंगवास झाला. त्याच सुमारास ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं घेऊन गांधीजी लंडनला आलेले होते. या स्त्रियांचं धैर्य पाहून त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांच्यावर कौतुकाने लिहिलं, आणि त्यात कॉब्डनच्या मुलीचा उल्लेख केला. नवरा घरी अक्षरांच्या सौंदर्याची काळजी वाहत असताना बायको तुरुंगात होती, हे चित्र त्या घराचं आहे.

नुसती अक्षरं

१९०० मध्ये कॉब्डन-सँडरसन आणि वॉकर यांनी भागीदारीत डव्ह्ज प्रेस काढला. वॉकरने मॉरिसच्या वेळी केलं तेच पुन्हा केलं: जेन्सनच्या पानांचे फोटो मोठे केले. त्यावरून त्याच्या हाताखालच्या पर्सी टिफिनने रेखाटनं केली. एडवर्ड प्रिन्सने पंच कोरले. मॉरिसच्या टाइपचे पंचही त्यानेच कोरले होते. खिळे एडिंबरोला ओतले गेले. आकार एकच, सोळा पॉइंट. तिरकी अक्षरं नाहीत, ठळक नाहीत, दुसरा आकार नाही.

मॉरिसच्या पुस्तकात नजर वेलबुट्टीत अडकते. डव्ह्जच्या पुस्तकात चित्रच नाही. पांढरं पान, काळी अक्षरं, क्वचित लाल. कॉब्डन-सँडरसनचं म्हणणं होतं की छपाईचं काम लेखकाचा विचार वाचकापर्यंत नेणं एवढंच; अक्षराने मध्ये येऊन स्वतःकडे लक्ष वेधू नये. पण एवढं साधं पान जमवायला समास, ओळींमधलं अंतर, शब्दांमधली फट हे सगळं केसाएवढं अचूक लागतं. चूक झाकायला नक्षी नसते.

१९०३ ते १९०५ या काळात पाच खंडांत आलेलं त्यांचं बायबल हे या पद्धतीचं शिखर. सगळी जुळणी हाताने, जे. एच. मेसनसारख्या जुळाऱ्याने केलेली. पहिल्या पानावर एडवर्ड जॉन्स्टनने रेखाटलेलं लाल 'आय' हे एकच अक्षर, जवळजवळ सगळ्या पानाच्या उंचीचं, एखाद्या दंडासारखं डावीकडे उभं. बाकी काही नाही. कागदावरच्या प्रती ५००. पुस्तकांच्या छपाईचा इतिहास लिहिणारा कुणीही हे पान दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

हाच जॉन्स्टन पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी अक्षरं काढत होता. ती १९१६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे ज्या वर्षी डव्ह्जचे खिळे नदीत जायला लागले, त्याच वर्षी बायबलचं ते लाल अक्षर काढणाऱ्या माणसाची नवी अक्षरं स्टेशनांच्या पाट्यांवर चढायच्या तयारीत होती, रोज कामावर जाणाऱ्या लाखो माणसांसाठी.

भांडण

भागीदारी फार काळ टिकली नाही. वॉकरचा ब्लॉकचा धंदा जोरात होता. अनेक छापखाने त्याचा सल्ला घेत. तो डव्ह्जमध्ये फारसा येत नसे. कॉब्डन-सँडरसनला वाटू लागलं की सगळं आपणच करतो आणि नाव दोघांचं होतं. त्याचा स्वभावही सोपा नव्हता. पुस्तक हा त्याच्यासाठी धर्म होता आणि धर्मात भागीदार चालत नाही.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला टाइपचा. मूळ बोलीप्रमाणे वॉकरला त्या टाइपचा एक संच मिळायला हवा होता. कॉब्डन-सँडरसन तो द्यायला तयार नव्हता. प्रकरण कोर्टात जायच्या बेताला आलं. अखेर १९०९ मध्ये दोघांचा मित्र सिडनी कॉकरेल याने तोड काढली: कॉब्डन-सँडरसनने जिवंत असेपर्यंत टाइप वापरावा, त्याच्या मागे तो वॉकरला मिळावा. वॉकर दहा वर्षांनी लहान, म्हणजे टाइप त्याला मिळणार हे जवळजवळ नक्की. कॉब्डन-सँडरसनने सही केली.

आणि मनातल्या मनात ती पाळायची नाही असं ठरवलं. त्याची भीती एकच होती. वॉकर धंदेवाईक माणूस. तो हा टाइप यंत्रावर चालवील, कुणालाही भाड्याने देईल, त्यात जाहिरातीसुद्धा छापल्या जातील. माणसाच्या हाताने ओढलेल्या छापयंत्राखेरीज या अक्षरांना कशाचाही स्पर्श होऊ नये, असं त्याला वाटत होतं. १९११ मध्ये त्याने डायरीत टाइप थेम्स नदीला दान करत असल्याचं लिहून टाकलं. २१ मार्च १९१३ रोजी, गुड फ्रायडेला, त्याने आधी पंच आणि मातृका पुलावरून सोडल्या. आता नवे खिळे ओतता येणं कायमचं अशक्य झालं. उरलेल्या खिळ्यांनी आणखी तीन वर्षं पुस्तकं छापली. मग त्या १७० खेपा.

छापखान्याचं शेवटचं प्रकाशन म्हणजे त्याच्याच पुस्तकांची सूची. तिच्यात त्याने टाइप नदीला अर्पण केल्याचं स्वतःच जाहीर केलं. १९२२ मध्ये तो वारला. वॉकरने दावा लावला तो विधवा ॲनीवर. शेवटी तडजोड झाली आणि तिला ७०० पौंड भरावे लागले. वॉकर तोवर सत्तरीला आला होता. टाइप नसताना त्या पैशांना त्याच्या लेखी किती अर्थ असेल?

अक्षर कुणाचं?

ही गोष्ट बऱ्याचदा एका वेड्या प्रेमाची कथा म्हणून सांगितली जाते. सौंदर्यासाठी सगळं उधळून देणारा कलावंत, अंधारातली नदी वगैरे. मला ती तशी वाचवत नाही. त्या टाइपमध्ये जेन्सनच्या साडेचारशे वर्षांपूर्वीच्या अक्षरांचा वारसा होता. वॉकरची नजर आणि फोटो होते, टिफिनची रेखाटनं होती, प्रिन्सच्या बोटांतलं कसब होतं, ॲनीचा पैसा होता. त्या अक्षरांना नाव मिळालं त्यात मेसनसारख्या जुळाऱ्यांच्या हजारो तासांचा वाटा होता. यांतल्या कुणालाही न विचारता एका माणसाने ठरवलं की हे आता संपलं. कारण काय, तर किल्ली त्याच्याकडे होती.

त्यातला विनोद असा की यंत्राला आणि बाजाराला विरोध म्हणून केलेल्या या कृतीने बाजाराचाच फायदा झाला. टाइपच उरला नाही म्हटल्यावर त्या टाइपात नवं पुस्तक निघणं शक्य नव्हतं. म्हणजे डव्ह्जच्या चाळीसेक पुस्तकांची संख्या कायमची ठरली. संग्राहकाला याहून गोड बातमी कोणती? सुटी पानं विकणारे व्यापारी मोडकळीला आलेलं पुस्तक उलगडून त्याचं पान-पान विकतात, आणि डव्ह्जच्या बायबलाची पानं याच वाटेने भिंतींवरच्या चौकटींत गेली आहेत. अक्षराने स्वतःकडे लक्ष वेधू नये, ते फक्त वाचलं जावं, असं म्हणणाऱ्या माणसाचं पान आज बहुतेक ठिकाणी वाचलं जात नाही. ते बघितलं जातं.

मॉरिसच्या यंत्रांचं नशीब वेगळं निघालं. केल्म्सकॉट बंद झाल्यावर त्याची छापयंत्रं सी. आर. ॲशबी या वास्तुकाराने आपल्या एसेक्स हाउस प्रेससाठी घेतली. पुढे ती आली आनंद कुमारस्वामींच्या हाती. होय, तेच, भारतीय कलेचे थोर अभ्यासक. ज्या यंत्रावर मॉरिसचा चॉसर छापला गेला, त्याच यंत्रावर त्यांनी १९०७-०८ मध्ये श्रीलंकेच्या मध्ययुगीन कलेवरचं आपलं पुस्तक छापून घेतलं. प्रती ४२५, चॉसरच्या कागदी प्रतींएवढ्याच. वसाहतीच्या राजवटीत मोडत चाललेल्या कारागिरीची नोंद करायला त्यांनी इंग्लंडमधल्या कारागिरीच्या चळवळीचं हत्यार वापरलं. वस्तू पुढच्या माणसाच्या हाती पडली की असं काही होऊ शकतं. बुडवली तर नाही.

नदीतून वर

२०१० मध्ये रॉबर्ट ग्रीन या ब्रिटिश डिझायनरने डव्ह्ज टाइप संगणकावर पुन्हा उभा करायला घेतला. हाताशी फक्त छापील पुस्तकं. पण छापील अक्षर म्हणजे खिळा नव्हे. शाई कडेला पसरते, कागद दबतो, एकाच पानावरचे दोन 'ए' तंतोतंत सारखे नसतात. मूळ रेघ कुठे संपते आणि शाई कुठे सुरू होते, हे ठरवताना त्याने अक्षरं पुन्हा पुन्हा काढली. २०१३ मध्ये फॉन्ट प्रसिद्ध केला, तरी समाधान होईना.

मग २०१४ मध्ये त्याने कॉब्डन-सँडरसनच्या डायऱ्यांतून नेमकी जागा हुडकली आणि ओहोटीच्या वेळी पुलाखाली गाळात उतरला. थोड्याच वेळात तीन खिळे सापडले. मग लंडन बंदराच्या पाणबुड्यांना बोलावलं आणि दोन दिवसांत एकूण दीडशे खिळे वर आले. एक टनातले दीडशे, म्हणजे जेमतेम ओंजळभर. अठ्ठ्याण्णव वर्षं पाण्यात राहूनही अक्षरं वाचता येत होती. त्यावरून ग्रीनने फॉन्ट सुधारला आणि सापडलेल्या खिळ्यांपैकी अर्धे एमरी वॉकरच्या घराचं संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेकडे दिले. उशिरा का होईना, थोडा टाइप वॉकरच्या घरी पोचला.

आता डव्ह्ज टाइप कुणीही विकत घेऊन मोबाइलवर वापरू शकतो. कॉब्डन-सँडरसनला ज्याची सर्वांत जास्त भीती होती, नेमकं तेच झालं. आणि त्यामुळेच ती अक्षरं आज जिवंत आहेत.

आपले खिळे कुठे गेले?

मराठीला असा खलनायक मिळाला नाही. आपले खिळे गेले त्यांत नाट्य नव्हतं. पण जे होतं ते कमी मोलाचं नव्हतं.

रोमन लिपीचं काम शे-दीडशे खिळ्यांत भागतं. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून कित्येक शेकडा खिळे लागत. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे सुबक आणि लहान टाइप पाडले. त्याच छापखान्यात खिळे घासण्याचं काम करणारा एक गरीब मुलगा होता, जावजी दादाजी चौधरी. त्याने पुढे स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू या कारागिराने निर्णयसागरसाठी पंच कोरले. ती अक्षरं इतकी नितळ होती की संस्कृत ग्रंथ निर्णयसागरी टाइपात असणं हीच देशभर शुद्धतेची आणि देखणेपणाची खूण झाली. मॉरिसच्या छापखान्याआधी वीसेक वर्षं गिरगावच्या बाजूला हे चाललं होतं. फरक एवढाच की निर्णयसागरची पोथी आणि पंचांग साध्या घरातही जाऊन पोचलं.

यंत्राचा दाब मराठीनेही सोसला. खिळे कमी व्हावेत म्हणून टिळकांनी 'केसरी'साठी खटपट केली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, आणि 'किर्लोस्कर' मासिकात ती वर्षानुवर्षं छापलीही गेली. कॉब्डन-सँडरसन यंत्रापासून अक्षर वाचवायला निघाला होता. आपल्याकडे यंत्राला परवडावं म्हणून अक्षरच बदलायची तयारी होती. दोन्हीकडे प्रश्न तोच होता, परिस्थिती वेगळी होती. आपल्याला अजून बहुतेक लोकांना वाचायला शिकवायचं होतं.

मग ऑफसेट आलं, डीटीपी आलं. गावोगावचे खिळ्यांचे छापखाने बंद पडले. खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले आणि वितळले. जुळारी घरी बसले किंवा पन्नाशीत कीबोर्ड शिकले. थेम्सच्या गाळात निदान खिळे तसेच राहिले. वितळलेल्या शिशात शोधायला पाणबुडी उतरत नाही.

पण सगळं गेलं असंही नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा 'मंगल' हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात; वॉकरला जे मिळालं नाही ते इथे मागितल्याशिवाय मिळतं. तुमच्या फोनवरच्या मराठी अक्षरामागेही कुणीतरी बसून ठरवलं आहे की 'क्ष'चा पोट किती फुगवायचा आणि 'र'ची शेपटी कुठे थांबवायची.

आणि शिशाची पुस्तकं अजून आहेत. ती जमवायला वीस पौंड लागत नाहीत. फोर्टच्या किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगात १९८० च्या आधीचं मराठी पुस्तक सहज मिळतं, कधी चहाच्या किमतीत. मौज प्रिंटिंग ब्यूरोची छपाई असेल तर जरा जास्त वेळ बघा. पान उजेडात तिरकं धरा. मागच्या बाजूने हलकं बोट फिरवा. बहुतेक पुस्तकांत अक्षरांचे बारीक उंचवटे लागतील. कुठे तुटलेली मात्रा दिसेल, कुठे एखादा खिळा उलटा बसलेला असेल, कुठे शाई कमी पडलेली असेल. पुस्तकाच्या शेवटी किंवा सुरुवातीला छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, तो वाचा. जुळाऱ्याचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतं.